मी तिची कोण लागते?

पत्र

सप्रेम नमस्कार. मी साताऱ्याला राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते. जूनमध्ये इथल्या एका रेस्क्यू ग्रुपनं ‘पंधराच दिवस ठेवा, जागा झाली की नेतो’ असं सांगून एक म्हातारी कुत्री माझ्याकडे फोस्टरला दिली. एसटी स्टँडबाहेरच्या वडापावच्या गाडीखाली ती कित्येक वर्षं राहायची. दातांवरून वय दहाच्या पुढचं. आणली तेव्हा क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) ६.४ होतं, परवा ९.१ आलं. किडन्या गेल्यात. इथल्या डॉक्टरांना दाखवलं, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही नेऊन आणलं. दोन्हीकडचं म्हणणं एकच. सासूबाईंनी तिचं नाव सखू ठेवलं. मी रोज घरीच सलाइन लावते. पंधरा दिवसांचे सात आठवडे झाले. आता ती एक दिवस खाते, दोन दिवस तोंड लावत नाही. डॉक्टर म्हणाले, ‘इंजेक्शनचा विचार करून ठेवा.’ ग्रुपवाले म्हणतात, ‘ताई, तुम्ही ठरवाल ते.’ सासूबाई म्हणतात, ‘आपल्या हातानं जीव घ्यायचा नाही. तिची वेळ आली की जाईल.’ नवरा म्हणतो, ‘तू म्हणशील तसं.’ आठ वर्षांची मुलगी रोज विचारते, सखू बरी कधी होणार? मला झोप नाही. ती माझी नाहीच, सात आठवड्यांची ओळख. तिच्या जिवाचा निर्णय घेणारी मी तिची कोण लागते?

स., सातारा

उत्तर

प्रिय स. ताई,

तुमचं पत्र आलं तेव्हा या आठवड्यासाठी दुसऱ्याच एका पत्राचं उत्तर जवळजवळ लिहून झालं होतं. ते बाजूला ठेवलं. भावाभावांच्या वाटणीला आणखी आठ दिवस लागले तर कुणाचं काही बिघडत नाही. सखूकडे तेवढे दिवस असतील असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेते. माझ्या आजोळी गाय आजारी पडली की गुरांचे डॉक्टर आजोबांना रामराम घालायचे आणि सरळ आजीकडे वळायचे. गोठा आजोबांचा, गाय आजोबांच्या पैशाची, पण धार आजी काढायची. काल कसं बसली, शेण कसं टाकलं, कुठं हात लावला की अंग चोरते, हे तिलाच ठाऊक. एकदा एका गायीचं ‘आता ठेवण्यात अर्थ नाही’ हे वाक्यही आजीच बोलली आणि आजोबांनी टोपी काढून मान हलवली. सखूच्या खालचं ओलं पोतं रात्री दोन वाजता कोण बदलतं? कुठल्या कुशीवर झोपली की ती कण्हते हे साताऱ्यात कुणाला माहीत आहे? मग कोण लागता हे मला कशाला विचारता!

आणि ‘ती माझी नाहीच’ असं तुम्ही अपराध्यासारखं लिहिलंय, त्याबद्दल मला थोडं वेगळंच म्हणायचंय. ते सांगायला माझी एक चूक सांगावी लागेल.

आमचा राजा तेरा वर्षं आमच्या घरात होता. शेवटी पोटात गाठ निघाली, ती यकृतापर्यंत गेलेली. एका बुधवारी डॉक्टर म्हणाले, आज संध्याकाळी किंवा उद्या. मुलाला बंगळुरूहून शनिवारी सकाळी यायला जमणार होतं. मी म्हटलं, त्याला भेटू दे. राजानं तेरा वर्षांत घरात एकदाही लघवी केली नव्हती. त्या तीन रात्री तो प्रत्येक वेळी उठायचा, भिंतीला टेकत टेकत मागच्या दारापर्यंत जायचा आणि उंबऱ्यावर कोसळायचा. पोटाखालून टॉवेल घालून मी त्याला उचलायची, अंगणात धरायची, परत आणायची. तासाभरानं पुन्हा तेच. शनिवारी मुलगा आला, ‘राजा’ म्हणाला, त्यानं कानही हलवला नाही. ते तीन दिवस मी राजाला दिले असं तेव्हा मला वाटत होतं. दिले कसले, घेतले. उंबऱ्यावर पडलेला राजा मला दिसतच नव्हता. मला दिसत होता चार वर्षांचा राजा, मुलाच्या सायकलीमागं धावणारा.

तुमच्या डोळ्यांपुढं असली सखू नाही. तुम्ही तिला आजारी म्हणूनच घरात घेतलीत, ती जाणार हे ठाऊक असताना घेतलीत. समोर जी आहे तीच तुम्हाला दिसते. त्या बाबतीत तुमची नजर माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. ‘परक्या’ माणसानं निर्णय कसा घ्यायचा म्हणून तुम्ही घाबरताय. मला विचाराल तर तो घ्यायला तुमच्याइतकं योग्य दुसरं कुणी नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडे नाही. सखू धडधाकट असताना कशी होती ते तुम्हाला माहीत नाही. ती मुळातच गप्प, एका कोपऱ्यात पडून राहणारी होती, की आता झाली? ते सांगू शकणारा माणूस एसटी स्टँडबाहेर उभा आहे. तुमच्या पत्रात वडापावच्या गाडीबद्दल एकच वाक्य आहे, आणि मी ते तीनदा वाचलं. एखादी कुत्री कित्येक वर्षं एकाच गाडीखाली राहते, तेव्हा गाडीवाला तिला हाकलत नसतो, एवढं तरी खरं. उद्या कामावरून येताना तिथं थांबा. ती कशी होती विचारा. दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जायची का, पावसात कुठं बसायची, कुठल्या नावावर मान वर करायची. सखूच्या आधी तिला एक नाव असणार.

आता ग्रुपबद्दल. ‘ताई, तुम्ही ठरवाल ते’ या वाक्यात विश्वास आहे, आणि अंग काढून घेणंही आहे. मी त्यांना फार बोल लावणार नाही. ज्यांच्या फोनवर दिवसाला दहा जखमी जनावरांचे फोटो येतात त्यांची अवस्था मी पाहिलेली आहे. पण फोस्टर म्हणजे तात्पुरता सांभाळ, जनावराची जबाबदारी ग्रुपकडेच असते, आणि शेवटचा निर्णय तिघांनी मिळून घ्यायचा असतो: ग्रुप, डॉक्टर आणि तुम्ही. त्यांना आजच व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी लिहा. डॉक्टरांचं मत हे आहे, मला असं असं दिसतंय, तुमची संमती लेखी द्या, त्या दिवशी तुमच्यातलं एक जण येऊन थांबा, आणि खर्च कोण करणार ते आत्ताच सांगा. पैशाचं विचारताना संकोच करू नका. सात आठवड्यांच्या सलाइनचा हिशेब तुमच्या पत्रात नाही, पण मला तो दिसतोय.

आजाराबद्दल थोडं बोलते, कारण ‘अजून काहीतरी करून बघायला हवं होतं’ ही टोचणी तुम्हाला पुढं लागणार आहे. किडनीचं साधारण ७५ टक्के काम बंद पडेपर्यंत रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसत नाही. म्हणजे पहिला रिपोर्ट हातात येतो तेव्हाच बरंचसं होऊन गेलेलं असतं. कुत्र्यांमध्ये हा आकडा ५ च्या वर गेला की डॉक्टर त्याला चौथी, शेवटची पायरी म्हणतात. सखू तुमच्या घरात आली तीच त्या पायरीवरून. तुमच्या हातून काही सुटलेलं नाही. उलट सलाइननं तिच्या रक्तातली घाण थोडी थोडी धुतली गेली, म्हणून ती जूनमध्ये उठून ऊन खायला दारात बसली असेल. सलाइन किडनी दुरुस्त करत नाही, तिची मळमळ कमी करतं, तेवढंच त्याचं काम. ते तुम्ही चोख केलंत.

(हे वाचणाऱ्या इतरांसाठी कंसात: कुत्र्याची किडनी बिघडली म्हणजे खेळ संपला असं दर वेळी नसतं. लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) आणि गोचीडतापानंही किडनी बिघडते, आणि वेळेत उपचार झाले तर जनावर सावरू शकतं. त्या तपासण्या आधी करून घ्या. पावसाळ्यात तर नक्कीच, आणि लेप्टो माणसालाही होतो, म्हणून लघवी पुसताना हातमोजे घाला. तसंच, भटक्या कुत्र्यांच्या लघवीच्या जागी होणारी रक्ताळलेली गाठ बघून लोक ‘कॅन्सर आहे, गेलं’ म्हणून मोकळे होतात. त्यातल्या पुष्कळशा गाठी संसर्गानं पसरणाऱ्या एका वेगळ्याच जातीच्या असतात आणि व्हिन्क्रिस्टीन या औषधाच्या काही आठवड्यांच्या इंजेक्शनांनी साफ बऱ्या होतात. ‘शेवटची स्टेज’ हे शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्याशिवाय कुणी मानू नयेत.)

सलाइन लावताना अजून हात थरथरतात, असं तुम्ही पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंय. बाटली लावायच्या आधी कोमट पाण्याच्या पातेल्यात थोडा वेळ ठेवता का? थंड पाणी कातडीखाली गेलं की जनावर शहारतं, आणि ते शहारलं की आपला हात हलतो. बाटली खिडकीच्या गजाला वर अडकवा. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत वर उचलली की तंबूसारखी पोकळी होते, सुई तिच्या पायथ्याशी. रोज एकाच ठिकाणी टोचू नका, दोन बोटं इकडं, दोन बोटं तिकडं. पाणी गेलं की पाठीवर उशीसारखा फुगा येतो आणि मग हळूहळू पुढच्या पायाकडं उतरतो, त्यानं घाबरायचं नाही. काही तासांत तो जिरायला हवा. सकाळचा फुगा रात्रीपर्यंत तसाच राहिला, किंवा श्वास भराभर चालायला लागला, तर पुढची बाटली लावायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा. शरीर आता पाणीसुद्धा घेत नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. आणि कण्हणं ऐकवत नाही म्हणून घरातली आयब्रुफेन, पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक यातली कुठलीही गोळी देऊ नका. पोटात रक्तस्राव होऊ शकतो, यकृताला इजा होऊ शकते, आणि किडनीचं जे काही उरलंय तेही जाईल. मळमळीवर चांगली औषधं आहेत, ती डॉक्टरांकडून मागून घ्या.

‘खात नाही’ या शब्दांतही दोन प्रकार असतात, ते नीट बघा. भूकच नसलेलं जनावर वाडग्याकडे बघत नाही. मळमळणारं जनावर वाडग्यापाशी येतं, वास घेतं, ओठ चाटतं, घोट गिळल्यासारखं करतं आणि तोंड फिरवून निघून जातं. तिला खायचंय आणि खाववत नाहीये. किडनीच्या शेवटाला तोंडाला उग्र वास येतो, हिरड्यांवर, जिभेच्या कडेला फोड येतात. तिचा ओठ अलगद वर करून बॅटरीच्या उजेडात बघा. फोड असतील तर ‘चिकन उकडून दिलं तरी खाल्लं नाही’ म्हणून स्वतःवर चिडणं थांबेल.

वेळ आली हे कसं ओळखायचं? अमेरिकेत डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या प्राण्यांच्या कॅन्सरतज्ज्ञांनी एक मोजपट्टी केली आहे. वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी. प्रत्येकीला १० पैकी गुण द्यायचे. ७० पैकी ३५ च्या वर बेरीज असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही, असा साधारण हिशेब. डॉक्टरांशी बोलायला ती उपयोगाची आहे. पण मला तिचा एक अनुभव आहे. रात्री दोन वाजता एकटीनं गुण द्यायला बसलं की माणूस शाळेतल्या मायाळू मास्तरासारखा वागतो, ३३ वाल्याला दोन गुण वर देऊन पास करतो.

त्यापेक्षा सखूच्या स्वतःच्या तीन गोष्टी निवडा. तिच्या, तुमच्या नाहीत. तुमच्या पत्राच्या इथं न छापलेल्या भागातच आहेत: सकाळी दारातल्या उन्हाच्या पट्ट्यात जाऊन बसणं, नवऱ्याच्या स्कूटरचा आवाज आला की शेपूट आपटणं, मुलीच्या हातून ग्लुकोजचं बिस्किट घेणं. किराणा मालाच्या वहीत मागच्या पानावर रोज तीन खुणा करा. बरोबर किंवा फुली, मधलं काही नाही. तीनपैकी दोन गोष्टींवर सलग दोन दिवस फुली आली की डॉक्टरांना फोन करायचा, हे आत्ताच, डोकं शांत असताना ठरवा आणि नवऱ्याला सांगून ठेवा. ‘तू म्हणशील तसं’ म्हणणाऱ्या माणसाला एक काम मिळेल: वही बघून तुम्हाला आठवण करून देणं. झटके येणं, धाप लागणं, रक्ताची उलटी, लघवी पूर्ण बंद, यातलं काही झालं तर वही मिटायची आणि त्याच दिवशी, त्याच तासाला फोन.

आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका. सखू हे नाव त्यांनी ठेवलंय, हे विसरू नका. नाव ठेवणारं माणूस जनावराच्या विरुद्ध नसतं. युधिष्ठिराची आणि कुत्र्याची गोष्ट मी सांगणार नाही, ती तुम्हाला आतापर्यंत दहा जणांनी फॉरवर्ड केली असेल. आणि तिच्यातून दोन्ही बाजूंचा निकाल काढता येतो, म्हणून तिचा इथं उपयोगही नाही.

दुसरी गोष्ट सांगते, ती घडलेली आहे. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्यानं तळमळत होतं. त्याला कूससुद्धा बदलता येत नव्हती. गांधीजींनी आश्रमातल्या लोकांशी चर्चा केली आणि डॉक्टरांकडून इंजेक्शन देववून त्या वासराला सोडवलं. स्वतः समोर हजर राहिले. मग आपल्या ‘नवजीवन’ या साप्ताहिकात ते उघडपणे लिहिलं. अहिंसा मानणाऱ्यांकडूनच रागाच्या पत्रांचा पाऊस पडला, पण त्यांनी आपलं म्हणणं मागं घेतलं नाही. सासूबाईंना हे पटेलच असं नाही. तेव्हाही पुष्कळांना पटलं नव्हतं. पण आपल्या हातानं जीव न घेण्याचं व्रत ज्यानं जन्मभर सांभाळलं त्याच्याही पुढं हाच पेच आला होता, एवढं त्यांच्या कानावर जाऊ दे. कायद्यालाही यात वावगं दिसत नाही. भटक्या प्राण्यांसाठीच्या २०२३ च्या नियमांत असाध्य आजारी जनावराला पशुवैद्यकाकडून दयामरण देण्याची तरतूद आहे.

आणि एक करा. ‘वेळ आली की जाईल’ म्हणताना सासूबाईंच्या डोळ्यांपुढं झोपेत शांत जाणं असतं. किडनीचं मरण बहुतेक वेळा तसं नसतं. मळमळ, उलट्या, तोंडातले फोड, कधी झटके, आणि हे सगळं दिवसचे दिवस. तुम्ही हे समजावून सांगत बसू नका. आज रात्री त्यांचं अंथरूण सखूजवळ घाला, फक्त एक रात्र. ‘आई, मला दोन दिवस झोप नाही, आज तुम्ही बघता का?’ एवढंच म्हणायचं. हे काही मी कावा म्हणून सांगत नाहीये. तुम्हाला खरंच झोप हवी आहे. सकाळी त्या काय म्हणतात ते ऐका. कदाचित तेच म्हणतील जे आज म्हणतायत, आणि मग तेही ऐकून घ्या. त्यांना पटलं नाही तरी त्या दिवशी त्यांनी देवासमोर दिवा लावून बसायला कुणाची हरकत नाही.

त्या दिवसाबद्दल सविस्तर लिहिते, कारण हे कुणी आधी सांगत नाही आणि मग माणसं घाबरतात.

डॉक्टरांना घरी बोलवा. शक्यतो त्यांचा दवाखाना संपल्यावर, म्हणजे घाई नसते. पैसे आधीच देऊन टाका, नंतर पाकीट शोधत उभं राहायचं नाही. एक प्रश्न फोनवरच विचारा: आधी गुंगीचं इंजेक्शन देणार ना? उत्तर ‘हो’च असलं पाहिजे. आधी गुंगी, ती पूर्ण चढली की पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस, हा दयामरणाचा मार्ग. जाग्या जनावराला नुसतं मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम क्लोराइड देणं ही क्रूरता आहे. स्वस्त पडतं म्हणून ते काही ठिकाणी चालतं, आणि तिथं ‘नको’ म्हणायला लाजायचं नाही.

सखूला तिच्या जागेवरच राहू द्या, दारातल्या उन्हाच्या पट्ट्यात. खाली प्लास्टिक, त्यावर जुनी चादर. गुंगीच्या इंजेक्शननं कधी कधी उलटी होते, म्हणून आधीचे काही तास खायला देऊ नका. पाचदहा मिनिटांत तिची मान जड होईल. बोलायचं ते तेव्हा बोला, हात तिच्या कानामागं ठेवून. मग डॉक्टर पायावरचे थोडे केस काढतील, सुई लावतील, आणि ते औषध गेलं की एकदोन मिनिटांत सगळं संपतं. इतक्या लवकर की तुम्ही विचाराल, ‘झालं?’ डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावून सांगतील. डोळे उघडेच राहतात, ते मिटत नाहीत. नंतर एखादा मोठा श्वास येतो, पायाची कातडी थरथरते, लघवी होते. ती जागी नसते, हे मागं राहिलेल्या शरीराचं चाललेलं असतं. हे माहीत नसलं तर माणसाला वाटतं, अजून जीव आहे, आपण घाई केली. मला तसं वाटलं होतं, आणि ते मनातून जायला वर्ष लागलं.

तुमचे हात थरथरले तर थरथरू देत, त्या वेळी सुई तुमच्या हातात नसेल. तिथं थांबणं झेपलंच नाही तर दुसऱ्या खोलीत जा. ग्रुपचा माणूस तिच्यापाशी थांबेल, म्हणूनच त्याला बोलवायला सांगितलं.

मुलीला मात्र आजच सांगा. ‘बरी कधी होणार’ हा प्रश्न ती रोज विचारते, याचा अर्थ तिला उत्तर साधारण कळलेलं आहे आणि ते तुमच्याकडून ऐकायचंय. ‘सखू बरी होणार नाही. तिच्या किडन्या बंद पडल्यात. तिला फार त्रास व्हायला लागला की डॉक्टर औषध देतील आणि ती मरेल, तेव्हा तिला दुखणार नाही.’ ‘मरेल’ हाच शब्द वापरा. ‘झोपवलं’ म्हणू नका. आठ वर्षांचं पोर त्या रात्री झोपायला घाबरतं, आणि उद्या आजीला ऑपरेशनला भूल दिली तर घर डोक्यावर घेतं. ‘फार्मवर पाठवली’ तर मुळीच नको. ती मोठी होईल, तिला कळेल, आणि तुमचं पुढचं कुठलंच वाक्य ती सरळ मानणार नाही. त्या दिवशी घरात थांबायचं की मैत्रिणीकडे जायचं, ते तिला विचारा आणि ती म्हणेल तसं करा. शेवटच्या बिस्किटाचं काम तिचं.

देहाचं काय करायचं ते आधी ठरवा. नगरपालिकेत किंवा ग्रुपला विचारा, प्राण्यांसाठी विद्युतदाहिनी जवळपास कुठं आहे ते कळेल. मोठ्या शहरांत आता सोय होऊ लागली आहे, मुंबईत महापालिकेनं २०२३ मध्ये मालाडला गॅसवरची दाहिनी सुरू केली. माहेरच्या शेतात पुरणार असाल तर खड्डा कमरेइतका तरी खोल हवा, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, वर माती घट्ट दाबून दगड ठेवायचे. हे नुसतं कुत्रीकोल्ह्यांनी उकरू नये म्हणून सांगत नाही. ते भुलीचं औषध देहात राहतं आणि तो देह खाणाऱ्या जनावराचा, पक्ष्याचाही जीव जातो. खड्डा आदल्या दिवशी खणून ठेवा. पावसाळ्यात साताऱ्याकडची माती चिखल होते, आणि चादरीत गुंडाळलेलं ओझं बाजूला ठेवून दोन तास कुदळ मारणं कुणाच्याही नशिबी नको.

नंतरचं थोडक्यात. उरलेल्या सलाइनच्या बाटल्या, न फोडलेल्या पट्ट्या, सुया ग्रुपला परत द्या, दुसऱ्या कुणाला तरी आज रात्रीच लागणार असतात. वापरलेल्या सुया झाकणाच्या डब्यात घालून डॉक्टरांकडे. सकाळी सहाला तुमचा हात आपोआप कोमट पाण्याचं पातेलं ठेवायला जाईल, बरेच दिवस. पतसंस्थेत कुणीतरी म्हणेल, ‘स्टँडवरचीच कुत्री ना ती?’ त्याला उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. आणि आठदहा दिवसांत ग्रुपचा फोन येईल, एक पिल्लू आहे, पंधराच दिवस. तेव्हा ‘आत्ता नाही’ म्हणायचं तर म्हणा, ‘आणा’ म्हणायचं तर आणा. दोन्हींपैकी काहीही केलंत तरी सखूशी बेइमानी होत नाही.

वडापाववाल्या काकांकडे परत येते, कारण त्यांना मी नुसतं माहिती विचारायला शोधा म्हटलं नव्हतं. एक दिवस ती गाडीखालून उचलून नेली, आणि पुढं काय झालं ते त्यांना कुणी कळवलं असेल असं मला वाटत नाही. रेस्क्यूच्या धांदलीत हे राहूनच जातं. कदाचित ते अजून संध्याकाळी एक पाव बाजूला काढत असतील. त्यांना तारीख सांगा. आदल्या संध्याकाळी गाडी लावायच्या आधी अर्धा तास घरी या म्हणावं. आले तर सखूला तिच्या जुन्या नावानं हाक मारू देत आणि तुम्ही जरा बाजूला चहा टाकायला जा.

ते बहुधा कागदात बांधून एक वडा घेऊन येतील. त्यात लसूण असतो, तेल असतं, मिरची असते, किडनीच्या पेशंटला त्यातलं काहीच चालत नाही, आणि डॉक्टरांना विचारलंत तर ते नाहीच म्हणतील. विचारू नका. आतल्या बटाट्याचा बोटभर तुकडा चालेल, माझ्या जबाबदारीवर. खाल्ला नाही तर तो कागद तिच्या नाकापाशी तसाच राहू द्या.

तुमची,
सदरवाली मावशी